टपालाने आलेला परवाना

आमच्या ह्यांचा मोटार चालवण्याचा परवाना टपालाने आला.

लग्नपत्रिका टपालाने येते, मनीऑर्डर टपालाने येते, माझ्या माहेरी तर एकदा बंगलोरहून ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं गुलाबाचं कलम टपालाने आलं होतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण समोरच्या माणसाला मोटार चालवता येते की नाही, हे कचेरीत बसून पाकीट चिकटवणाऱ्याला कसं कळतं, एवढाच माझा प्रश्न होता. तो मी ह्यांना विचारला.

"मग काय परवान्यानं मोटारीत बसून यायला हवं होतं?" हे म्हणाले, आणि परवाना खिशात घालून आरशासमोर उभे राहिले.

खरं म्हणजे ह्यांची परीक्षा व्हायची होती. इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा खालापूरला येतात. त्या महिन्यात ते तापाने आजारी पडले आणि आले नाहीत. वरच्या कचेरीत कुणीतरी नेहमीच्या सवयीने ह्यांच्या अर्जावर शिक्का मारला आणि पाकिटाला तिकीट लावलं. हे पडले वकील. जे सरकारी शिक्क्यानिशी येतं ते बरोबर, अशी त्यांची धारणा. माणूस शिकला की भोळा होतो तो असा.

मोटार आमच्या गोठ्यात उभी होती. युद्ध संपल्यावर खंडाळ्याचा कुणी लष्करी साहेब आपलं चंबूगबाळं विकून विलायतेला गेला, त्याच्याकडची ही बारकी काळी मोटार. तिच्या मागच्या दारांना आतून कड्या नव्हत्या. दार बाहेरून कुणी उघडलं तरच आतला माणूस सुटायचा. ह्यांनी मोटार शिकून घेतली ती सासऱ्यांच्या गावी, भाताच्या खळ्यावर. मळणीचे बैल मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती फिरतात तसे हे चार दिवस त्या खळ्यात गोल गोल फिरले. त्यामुळे उजवीकडे वळण्यात ह्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. डावीकडे वळण्याचा प्रसंग खळ्यावर आलाच नव्हता.

आणि अशा स्थितीत ह्यांनी जेवताना जाहीर केलं, "माघी पौर्णिमेला पुण्याला जायचं. मोटारीनं. घाटातून. चिमाला मामाचं घर दाखवू."

चिमा तेव्हा अडीच वर्षांची होती. ती भात खात होती. माझा घास मात्र जो घशात अडकला, तो पुढे दोन महिने खाली उतरला नाही.

मी मुळात घाबरट नाही. कॉलेजात असताना मी पर्वतीवर एकटी जाऊन आले आहे. पण मूल झालं की बाईच्या डोळ्यांना काय होतं कोण जाणे, साधा उंबरठासुद्धा कड्यासारखा दिसू लागतो. त्यात आमचं घर हमरस्त्याला लागून. दिवसभर मुंबई-पुण्याचे ट्रक जाताना मी खिडकीतून पाहते. घाटात दरीत गेलेली मोटार वर काढून आणताना मी पाहिली आहे. तिच्या टपावर कुणाचं तरी लहानसं टोपडं ठेवलेलं होतं. ते कुणाचं, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

शेजारच्या गोदूबाईंजवळ मी मन मोकळं केलं. गोदूबाई साठीच्या, शेतीवाडीच्या घरातल्या, आणि आमच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय हे आमच्या आधी ओळखणाऱ्या.

"अगं, तुला काय खूळ लागलंय काय?" त्या म्हणाल्या. "माज्या सासऱ्यानं साठ वर्सं गाडी हाकली. त्याची कुनी परीक्षा घेतली व्हती? लिंबू-मिरची बांध म्होरं, आन चल पुन्याला."

"गोदूबाई, बैलांना डोळे असतात. मोटारीला नसतात."

"मंग ते म्होरं दोन दिवं कशाला लावलं हायत?" गोदूबाई म्हणाल्या.

मी पुण्याहून भावाकडून मोटार कायद्याची इंग्रजी पुस्तिका मागवली आणि रोज दुपारी चिमा झोपली की वाचायला बसले. मी बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलं होतं, पण इतकं तर्कशुद्ध पुस्तक माझ्या वाचनात आलं नव्हतं. रस्त्याच्या डाव्या बाजूने जावे. वळणावर पुढच्या वाहनाला मागे टाकू नये. थांबायचे झाल्यास उजवा हात कोपरातून सरळ वर उचलावा. डावीकडे वळायचे झाल्यास उजवा हात बाहेर काढून गोल फिरवावा. एकेक नियम वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो मोडणारे हे दिसत. कायदा करणाऱ्यांनी ह्यांना बघूनच कायदा केला असावा अशी माझी खात्री होत चालली.

शेवटी मी अर्ज केला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायकांना मी कॉलेजात असताना खूप हसले आहे. वादविवाद सभेत मी या विषयावर बोलून बक्षीस मिळवलं होतं. पण लग्नाला चार वर्षं झाली आणि उखाण्यातला तो एक दिवस सोडला तर माझ्या तोंडून ह्यांचं नाव बाहेर पडलेलं नाही. रेशनच्या दुकानात कारकुनाने "यजमानांचं नाव?" म्हणून विचारलं की मी दारावरच्या आमच्या पाटीकडे बोट दाखवायची, आणि पाटी तिथून दीड फर्लांगावर असायची. बोलायची ही कथा, तर तक्रारीच्या अर्जात, आरोपीच्या जागी, कपाळावर कुंकू असताना ते नाव मी लिहायचं कसं? टाक दोनदा शाईत बुडवला. दोन्हीदा नुसता डाग पडला.

म्हणून मी लिहिलं : "या तालुक्यातील एका गृहस्थांना परीक्षा न घेता मोटार चालवण्याचा परवाना देण्यात आला आहे. त्यांच्या कुटुंबात एक लहान मूल आहे. तरी योग्य ती चौकशी व्हावी." खाली सहीच्या जागी "एक काळजीत असलेली व्यक्ती". माझ्या मते हे पुरेसं होतं. तालुक्यात मोटारी आहेतच किती, आणि टपालाने परवाना आलेले गृहस्थ असे किती असणार? कचेरीतल्या लोकांनी आपलं दप्तर उघडून पाहिलं की झालं.

कचेरीत दप्तर उघडून पाहण्याची पद्धत नसते, हे बी.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हतं.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. खालापूर आणि कर्जत मिळून परवाने असलेल्या सर्व नऊ इसमांनी अमुक तारखेला खोपोलीस घाटाच्या पायथ्याशी आपापल्या मोटारीनिशी हजर राहावे. सर्वांची परीक्षा नव्याने घेण्यात येईल. नापास होणाऱ्याचा व गैरहजर राहणाऱ्याचा परवाना रद्द होईल. कारण : निनावी तक्रार.

आठवं नाव आमच्या ओळखीच्या लियाकतभाईंचं होतं. नववं, आणि शेवटचं, आमच्या घरचं.

त्या संध्याकाळी आमच्या ओटीवर आठही ड्रायव्हर येऊन बसले. कुणी ट्रकवाले, कुणी सर्व्हिस मोटारवाले. लियाकतभाई भाड्याची मोठी मोटार चालवायचे, कर्जत-चौक-खालापूर-खोपोली. सगळ्यांना वकील हवा होता, आणि तालुक्यात नोटीस आलेला एकच वकील होता.

"सायब, ह्यो अर्ज केलान कुनी?" एकाने विचारलं. "त्याला एकदा आमच्या म्होरं उभा करा."

आतल्या दाराआड मी चहाच्या कपांत साखर दुसऱ्यांदा घातली.

हे ताठ बसले. ह्यांनी कचेरीतून अर्जाची नक्कल मिळवली होती. नक्कल कारकुनाच्या हातची होती, तेवढा देवच पावला. "हे बघा," हे म्हणाले, "मजकुरावरून माणूस ओळखता येतो. लिहिणारा शिकलेला आहे. रिकामटेकडा आहे. 'योग्य ती चौकशी' म्हणतो, म्हणजे शाळामास्तर असावा. आणि भित्रा आहे. नाव लिहिण्याची छाती नाही. असल्या माणसाला मी कोर्टात उभा उभा सोलीन."

मी चहा ठेवला. ह्यांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं.

त्या रात्रीपासून संशय आमच्याच आळीत राहणाऱ्या, चौक गावच्या शाळेतल्या मास्तरांवर गेला. गोदूबाईंनी त्यांच्या घरी धाडलं जाणारं ताक बंद केलं. मास्तर भेटले की मी रस्ता बदलू लागले. ते बिचारे तरीही मला लांबून नमस्कार करायचे.

आणि त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी लियाकतभाईंची बायको, नफिसा, पदरात शेवग्याच्या शेंगा घेऊन मागच्या दारी आली.

"वकिलीणबाई," ती म्हणाली, "तुमी शिकल्याल्या. आमच्या ह्यांना अक्षर येत नाय. मोटार हाकतील, पन त्यो सायब तोंडी इचारनार म्हनं. परवाना गेला तं मालक दुसरा मानूस ठेवंल. दोन पोरी हायत, सासू आंधळी हाय. एवडं पाठ करून द्या त्यांना."

मला रडूच आलं. नफिसाला वाटलं, मी तिच्यासाठी रडते आहे. तसं ते होतंच, पण निम्मंच.

लियाकतभाई वीस वर्षं मोटार चालवत होते. आठ दिवसांच्या चिमाला घेऊन मी कर्जतच्या स्टेशनवरून घरी आले ती त्यांच्याच मोटारीतून. पावसाने रस्त्याची चाळण केलेली. लियाकतभाईंनी मोटार इतकी हळू आणली की वाटेत एक शेरडांचा कळप आम्हाला मागे टाकून पुढे गेला. घरी उतरल्यावर मी पाहिलं तर चिमा झोपेतच होती. जगात एकाच माणसाच्या हातात मी माझी मुलगी निर्धास्त देईन, आणि माझ्या एका अर्जाने नेमकं त्याच माणसाचं अन्न काढून घेतलं जाणार होतं.

शिकवणी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. लियाकतभाई ओटीवर पाय दुमडून अवघडून बसले. चिमा त्यांच्या शेजारी उतारू म्हणून.

"लियाकतभाई, वळणावर चालकाने काय करावे?"

त्यांनी बराच विचार केला. "कंचं वळान, बाई?"

"कुठलंही."

"तसं कसं? चौकाच्या अलीकडं चिंचेखाली एक वळान हाय, तितं सकाळच्याला ऊन डोळ्यावर येतं. पुलाजवळचं हाय, तितं म्हशी बसत्यात. घाटातलं तं परत्येक निराळं. तुमी वळान सांगा, मी काय करायचं ते सांगतो."

"पण पुस्तकात 'वळण' एवढंच आहे."

"मंग पुस्तक लिवनारा मोटारीतून गेलेला नाय," लियाकतभाई म्हणाले.

तीन दिवस असेच गेले. शेवटी मी स्वयंपाकघरातलं पितळी ताट आणून त्यांच्या हातात दिलं. ताट दोन्ही हातांनी धरताच माणूस बदलला. डोळे लांब गेले, खांदे उतरले. मी म्हणायची, "घाटातलं दुसरं वळण," आणि ताट सावकाश फिरायचं, उजवा हात ओटीबाहेर जायचा, आणि तोंडून आपोआप यायचं : "हॉर्न द्येतो, डाव्या अंगाला र्‍हातो, समोरचा चढ चढत असंल तं मी थांबतो, त्येला आदी जाऊ द्येतो." एकूण एक बरोबर! ताट काढून घेतलं की पुन्हा सगळं पुसलेल्या पाटीसारखं.

हे एकदा कोर्टातून लवकर आले आणि दारात उभे राहून बघत राहिले. मग जेवताना म्हणाले, "एकीकडे तो निनावी नीच माणूस, आणि एकीकडे माझी बायको, त्या गरिबाला शिकवते आहे. मला फार बरं वाटलं."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. "अहो, तो अर्ज..." इतकं म्हणालेसुद्धा.

"त्याची काळजी करू नकोस," हे म्हणाले. "तो मास्तर सुटत नाही."

ह्यांचं नाव मी इन्स्पेक्टरला कळवलं तर आठजण सुटणार. आणि ह्यांना, सगळ्या तालुक्यासमोर, स्वतःच्या बायकोने पकडून दिलेला माणूस म्हणून जन्मभर कोर्टात उभं राहावं लागणार. न कळवलं तर लियाकतभाई. मी रोज सकाळी ठरवायची आणि रोज दुपारी कच खायची. असं करता करता तारीख आली.

नफिसाच्या आग्रहावरून मी खोपोलीला गेले. "तुमी समोर असलात तं त्यांना आठवंल," ती म्हणाली होती. चिमाला घरी ठेवायला कुणी नव्हतं, कारण गोदूबाईसुद्धा तमाशा बघायला आमच्याआधी तयार होऊन बसल्या होत्या. आम्ही सगळे लियाकतभाईंच्या मोटारीतून निघालो. हे आपल्या मोटारीतून, एकटे. खालापूर ते खोपोली रस्ता जवळजवळ सरळ आहे, म्हणून पोचले.

इन्स्पेक्टर किडकिडीत, भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळलेले, नुकतेच दुखण्यातून उठलेले गृहस्थ होते. दुपारपर्यंत सातजण घाटात जाऊन आले. सातही पास. माझ्या जिवात जीव आला.

"आठवा," इन्स्पेक्टर म्हणाले. "आणि मोटार भरून घ्या. रिकामी मोटार कुणीही हाकतो."

मोटारीत भरायला माणसं कुठली? आम्हीच. पुढे इन्स्पेक्टर. मागे मी, मांडीवर चिमा, शेजारी गोदूबाई, आणि आठही आरोपींचे वकील म्हणून हे. नफिसा खाली रस्त्यावर उभी राहिली. चिमाचं टोपडं तिने नीट केलं. त्या टोपड्याकडे बघून मला मोटारीच्या टपावरचं ते दुसरं टोपडं आठवलं.

घाट लियाकतभाईंनी असा चढवला की मी एकदाच डोळे मिटले, आणि तेही सवयीने. तिसऱ्या वळणाच्या पुढे, चढावर, इन्स्पेक्टर म्हणाले, "थांबा." मोटार थांबली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दगडी कठडा, आणि कठड्याच्या पलीकडे नुसतं निळं. खोल खाली बोगद्यातून आगगाडी निघाली, ती गोमेएवढी दिसली.

"स्टिअरिंगवरचे हात काढा. आता तोंडी. रस्त्यावर वळण आल्यास चालकाने काय करावे?"

मी मनातल्या मनात देवाचा धावा केला.

लियाकतभाईंनी हात मांडीवर घेतले आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळे नियम त्यांच्या चेहऱ्यावरून निघून गेले. "कंचं वळान, सायब?"

"कुठलंही."

"कुठलंही वळान मी आजपावतर बगितलं नाय, सायब."

इन्स्पेक्टरांना ही चेष्टा वाटली. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तिसरा विचारला. लियाकतभाई दर वेळी मांडीवरच्या आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. इन्स्पेक्टरांनी हात पुढे केला, परवाना घेतला आणि स्वतःच्या खिशात घातला.

"नापास. उतरा."

लियाकतभाई उतरले. टोपी काढून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मग गोदूबाईंनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"आन आता आमाला खाली कोन न्येनार?"

इन्स्पेक्टरांनी मफलर सारखा केला. "याला नेता येणार नाही. परवाना नसताना एक पाऊलही मोटार चालवणे गुन्हा आहे."

"मंग तुमी चला की!"

"मी परीक्षा घेतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "मोटार माझा शिपाई चालवतो." शिपाई खाली खोपोलीत चहा पीत होता.

आणि तेव्हा माझ्या शेजारून तो आवाज आला. "हरकत नसावी. माझ्याकडे परवाना आहे. शिवाय ही फेरी बिनभाड्याची असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने मोटार सध्या खासगीच समजली पाहिजे."

हे उतरून पुढे जाऊन बसलेसुद्धा. मी दार उघडायला गेले, तर चिमाने माझ्या मंगळसूत्रात बोटं अडकवलेली. ती सोडवेपर्यंत ह्यांनी उजव्या हाताचा मोठा दांडा खाली केला होता. तो हातब्रेक होता. मोटार खाली वळवण्यासाठी उजवीकडे जागा लागते, आणि उजवीकडे वळण्यात हे निष्णात होते, पण मोटार आधी मागे निघाली.

हळूच निघाली. कुणीतरी मागून अदबीने ओढल्यासारखी. हे समोरच बघत होते. इन्स्पेक्टर म्हणाले, "अहो... अहो..." गोदूबाईंनी माझा दंड धरला. मागच्या काचेत कठडा मोठा होत चालला, आणि त्याच्या मागचं निळंही. मी चिमाचं डोकं छातीशी दाबलं आणि घशातून जे निघालं ते त्या घाटात आजवर कुणी ऐकलं नसेल.

"सहदेव! ब्रेक! सहदेव!"

धप्प आवाज झाला आणि मोटार थांबली. लियाकतभाईंनी रस्त्याकडेचा धोंडा उचलून मागच्या चाकाखाली सारला होता. कठडा आणि आमच्यामध्ये हातभर अंतर होतं. लियाकतभाई खिडकीतून आत वाकले, हातब्रेक ओढला आणि पुन्हा जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. परवाना नव्हता ना!

ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता, पण मोटारीमुळे नव्हे. "काय म्हणालीस?" ह्यांनी विचारलं.

गोदूबाईंनी तोंडावर पदर घेतला. "अगं बया! नाव घेतलंन! भर रस्त्यात!"

एकदा घेतलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. "साहेब," मी इन्स्पेक्टरांना म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "तो अर्ज माझा आहे. टपालाने परवाना आला तो ह्यांना. सहदेव येसाजी पिंगळे, वकील, खालापूर. बाकीच्या आठ जणांचा काही संबंध नाही. चौकच्या मास्तरांचाही नाही."

इन्स्पेक्टर पुढच्या बाकावरून पूर्ण मागे वळले.

"मग अर्जात नाव का लिहिलं नाही?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत गोदूबाईच पुढे झाल्या. "नवऱ्याचं नाव कसं लिवंल ती, सायब? तुमी पन काय!"

इन्स्पेक्टर संसारी असावेत. त्यांनी फक्त डोळे मिटले आणि पुटपुटले, "एका नावासाठी नऊ माणसं." मग ह्यांच्यापुढे हात केला. ह्यांनी परवाना दिला. आता इन्स्पेक्टरांच्या खिशात दोन परवाने झाले, आणि घाटाच्या चढावर, धोंड्यावर टेकलेल्या मोटारीत, कायद्याने ती चालवू शकेल असा एकही माणूस उरला नाही.

मी लियाकतभाईंकडे बघू शकत नव्हते, तरी बोलले. "साहेब, त्यांना चालवता चालवता विचारा. आणि वळण कुठलं ते सांगा. मी इथेच बसून राहते, मुलीला घेऊन."

इन्स्पेक्टरांनी कठड्याकडे पाहिलं. मग धोंड्याकडे. मग म्हणाले, "परीक्षा अजून संपलेली नाही," आणि लियाकतभाईंचा परवाना त्यांना परत दिला.

हे मागे येऊन बसले आणि लियाकतभाई पुढे. मोटार कधी वळली ते कळलंसुद्धा नाही. "पुढचं वळण," इन्स्पेक्टर हळूच म्हणाले. "हितं डोंगरातून पानी गळतं, सायब, चाक सरकतं, म्हून आदीच हळू," लियाकतभाई म्हणाले, आणि त्यांचा उजवा हात बाहेर जाऊन वरखाली झाला, पुस्तिकेतल्या चित्रात दाखवला आहे अगदी तसा. समोरून ट्रक चढत होता. आम्ही थांबलो, त्याला जाऊ दिलं. शेवटच्या वळणापर्यंत इन्स्पेक्टर प्रश्न विचारायचे थांबले होते आणि मफलर सोडून मोकळे बसले होते.

खाली नफिसाने लियाकतभाईंच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. ती रस्त्यातच खाली बसली.

लियाकतभाईंनी आमच्यासाठी दार उघडलं. मी माफी मागायला लागले, तर ते म्हणाले, "वकिलीणबाई, म्होरल्या टायमाला अर्ज कराल तवा नाव लिवा. आट घरच्या बायका पंदरा दिस धड जेवल्या नायत." एवढंच. मग त्यांनीच आमची काळी मोटार घरी आणून गोठ्यात लावली. हे मागच्या बाकावर बसून आले. मागच्या दाराला आतून कडी नसल्यामुळे त्यांना मी बाहेरून उघडून उतरवून घेतलं.

गावाने अर्ज आठ दिवसांत माफ केला. मास्तरांचं ताक सुरू झालं. पण नाव मात्र माफ झालं नाही. नळावर, विहिरीवर, बाजारात बायका एकमेकींना सांगत होत्या की वकिलीणबाईंनी घाटात नवऱ्याला दोनदा हाक मारली, आणि गोदूबाई त्या तीनदा म्हणून सांगत. हे चार दिवस माझ्याशी चिमामार्फत बोलत होते. "चिमा, आईला सांग मीठ कमी आहे." अडीच वर्षांच्या मुलीला निरोप पोचवण्यात फार मौज वाटायची.

पाचव्या दिवशी ह्यांनी ती इंग्रजी पुस्तिका माझ्यापुढे आणून ठेवली. "विचार," म्हणाले.

"काय?"

"नियम. पुन्हा अर्ज केला आहे. ह्या वेळी परीक्षेनिशी. मी काही भित्रा नाही."

तेव्हापासून रोज सकाळी लियाकतभाई ह्यांना मोटार शिकवायला येतात. डावीकडे वळायलाच शिकवतात, दुसरं काही नाही. संध्याकाळी मी प्रश्न विचारते. हे उत्तरं देतात, हात बाहेर काढून खुणा करतात, आणि चुकले की स्वतःच पुन्हा करतात. मला आधी वाटलं होतं, आठवडाभरात कंटाळतील. पण हे वकील आहेत. एकदा कलम पाठ करायला बसले की उठत नाहीत. काल चाळीस प्रश्न विचारले. चाळीसही बरोबर आले. लियाकतभाई म्हणाले, "आता सायब घाट चढवतील बगा." हे असे हसले की चिमाने टाळ्या वाजवल्या.

परीक्षा सोमवारी आहे. पुण्याला भावाला पत्र गेलं आहे. पौर्णिमा हुकली, आता पाडव्याला येतो, तिघेही, मोटारीने.

मी पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुन्हा दोनदा वाचून काढली आहे. परीक्षा रीतसर पास झालेल्या माणसाला त्याच्या बायकोला भीती वाटते म्हणून थांबवता येईल, असं एकही कलम तीत नाही.